काही होत नाही, मामा!

परवा शनिवारी सकाळी दुसऱ्या चहाचा कप घेऊन निवांत बसलो होतो, तेवढ्यात भाचा आला. ताईचा धाकटा. इथे मिशिगनमध्ये एमएस करायला येऊन त्याला दीड वर्ष झालं. अभ्यासात हुशार, स्वयंपाकात ढ, आणि गाड्यांच्या बाबतीत मामावर गेलेला. (हे ताईचं वाक्य. तिच्या तोंडी ते कौतुक नसतं.) मागच्या वर्षी त्याने २००७ ची जुनी होंडा सिव्हिक एसआय घेतली, तेव्हा ती बघायला मीच बरोबर गेलो होतो. तर परवा त्याने गॅरेजमध्ये एक खोकं ठेवलं आणि म्हणाला, "मामा, तुझा टॉर्क रेंच लागेल. आणि तू पण लागशील."

खोक्यात नायट्रस ऑक्साइडचं सेकंडहँड किट. एक निळी बाटली, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, एक नॉझल, स्टीलच्या जाळीचा पाइप, जेटची पुडी आणि एक लाल बटण. मी खोकं उलटं करून झटकलं. आणखी काही पडलं नाही.

"बाकीचं कुठाय?"

"बाकीचं म्हणजे?"

"थ्रॉटलचा स्विच, आरपीएमचा स्विच, पेट्रोलच्या दाबाचा स्विच. रिले. फ्यूज."

"ते ऑप्शनल असतं रे. बटण आहे ना. मी बघून दाबीन. काही होत नाही, मामा!"

ह्या शेवटच्या चार शब्दांनी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. म्हणून आजचं हे लिखाण.

आधीच सांगून टाकतो, मी नायट्रसच्या विरोधात नाही. मी स्वतः वापरलं आहे. ह्या विषयावर आपल्या लोकांत दोन पार्ट्या आहेत आणि माझं दोघींशी पटत नाही. पहिली पार्टी काकालोकांची. त्यांच्या मते नायट्रस म्हणजे डिकीतला बॉम्ब, आणि ते लावणारा मुलगा वाया गेलेला. दुसरी पार्टी २००१ सालचा 'द फास्ट अँड द फ्युरिअस' पाहून घडलेल्यांची. बटण दाबलं की आजूबाजूचे दिवे लांबट होतात आणि गाडी विमान होते, एवढंच त्यांना ठाऊक. त्याच सिनेमात बटणाच्या भरात गाडीच्या तळाचा पत्रा निखळून रस्त्यावर पडतो, ते मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. रोजच्या गाडीवर नायट्रस बऱ्यापैकी सुरक्षितपणे वापरता येतं, पण ती सुरक्षितता चालवणाऱ्याच्या सावधपणात नसते. ती असते वायरिंगमध्ये. काहीही चुकत असेल तर जे किट पेटायलाच नकार देतं, ते लावावं. बटण दाबलं की जे मुकाट्याने पेटतं, ते लावू नये. आणि हा नकार देणारा भाग 'ऑप्शनल' म्हणून विकणाऱ्यांना आणि तो न घेणाऱ्यांना मी सारखाच दोष देतो.

आता आधी काकालोकांचं शंकानिरसन. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. हाच तो दातांच्या डॉक्टरांचा 'हसवणारा वायू'. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. इंजिनच्या आत सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर त्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो, आणि फुटताना थोडी उष्णताही देऊन जातो. शिवाय बाटलीत तो द्रवरूप असतो आणि बाहेरच्या दाबाला त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश. त्यामुळे नॉझलमधून बाहेर पडताना तो आत जाणारी हवा एकदम थंड करतो. थंड हवा दाट असते, म्हणजे पुन्हा ऑक्सिजन जास्त. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांमध्ये 'जीएम-१' नावाची हीच युक्ती होती. उंचावर हवा विरळ होते, इंजिन धापा टाकतं, तिथे नायट्रस सोडायचं. सिनेमाच्या साठ वर्षं आधीची गोष्ट आहे ही. जादू नाही, बॉम्ब नाही. जास्तीचा ऑक्सिजन आहे, बस्स.

पण जास्तीचा ऑक्सिजन आला की जास्तीचं पेट्रोल त्याच क्षणी आलं पाहिजे. सगळी गोम इथे आहे. कागदावर हिशेब केला तर एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साडेनऊ-दहा किलो नायट्रस लागतं. किट बनवणारे मुद्दाम त्याहून बरंच जास्त पेट्रोल धरतात, कारण पेट्रोल जास्त झालं तर फक्त ताकद थोडी कमी मिळते. कमी पडलं तर आतलं तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनची कड मेणासारखी वितळते. वेट किटमध्ये दोन सोलेनॉइड असतात ते ह्यासाठीच. एक नायट्रसचा, एक पेट्रोलचा, दोघांनी एकदम उघडायचं. आणि नायट्रस बाटलीतून ९०० पीएसआयच्या दाबाने येतं, तर पेट्रोल गाडीच्या पंपाकडून साधारण ४०-५० पीएसआयने. जोडीतला एक पैलवान आणि एक दम्याचा पेशंट. कोण आधी दगा देणार, ते तुम्हीच सांगा.

आता नुसतं लाल बटण असलेलं किट काय काय करू शकतं ते बघू.

पहिलं. कमी आरपीएमला बटण दाबलं. नायट्रसचा प्रवाह आरपीएम बघत नाही, तो सेकंदाला ठरलेला असतो. ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा श्वास घेतो, २००० आरपीएमला जेमतेम १७ वेळा. नायट्रस तेवढंच. म्हणजे २००० ला प्रत्येक श्वासात तिप्पट डोस! कनेक्टिंग रॉड वाकायला एवढं पुरतं. म्हणून तीन हजाराच्या खाली नायट्रस सुटताच कामा नये.

दुसरं. आरपीएम वरच्या टोकाला गेला. इंजिनचा कॉम्प्युटर मर्यादा ओलांडली की इंजेक्टरचं पेट्रोल तोडतो. ते त्याचं कामच आहे. पण नायट्रसला हे कोणी कळवलेलंच नसतं, ते येतच राहतं. म्हणून मर्यादेच्या दोन-तीनशे आधी नायट्रस बंद व्हायला हवं. पहिल्या आणि दुसऱ्या संकटावर इलाज एकच: विंडो स्विच. अमुक ते अमुक आरपीएमच्या खिडकीतच करंट जाऊ देतो.

तिसरं. गिअर बदलताना पाय उचलला पण अंगठा बटणावर राहिला. थ्रॉटल बंद, हवा बंद, आणि मॅनिफोल्डमध्ये नायट्रस आणि पेट्रोल भरतंय. पुढच्या ठिणगीला ते उलटं पेटलं की मॅनिफोल्डच्या चिंध्या. म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतानाच चालू होणारा स्विच. पाय उचलला, नायट्रस बंद. अंगठ्याला विचारायचंच नाही.

चौथं. पेट्रोलचा दाब पडला. पंप म्हातारा, फिल्टर चोंदलेला, टाकीत तळाला चार लिटर आणि गाडी वळणावर. म्हणून दाबाचा स्विच. ठरलेल्या आकड्याच्या खाली दाब गेला की करंट तुटतो.

हे सगळे एका ओळीत जोडायचे. सगळे 'हो' म्हणाले तर सोलेनॉइड उघडणार, एकही 'नाही' म्हणाला तर नाही. कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: चार अटी, मध्ये 'आणि'. बटण ही त्यातली पाचवी अट. आपल्याकडे पाचव्या अटीलाच सगळं किट म्हणतात, हे दुखणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मामा फार शहाणा! मामाचं काय झालं ते ऐका मग. हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं.

२०११. माझ्याकडे २००३ ची मस्टँग जीटी होती. ४.६ लिटरचं व्ही-८, मुळातली ताकद २६० हॉर्सपॉवर. त्यावर ७५ हॉर्सपॉवरचं वेट किट, सगळ्या स्विचांसकट, मी स्वतः दोन वीकेंड खपून बसवलेलं. दोन सीझन ड्रॅग स्ट्रिपवर मजेत गेले. तिसऱ्या वर्षी नायट्रस मध्येच बंद पडायला लागलं. शर्यतीच्या अर्ध्यात फुस्स. मी मल्टिमीटर घेऊन शोधलं, तर पेट्रोलच्या दाबाचा स्विच करंट तोडत होता. मी काय निष्कर्ष काढला असेल? स्विच बिघडला! वीस-पंचवीस डॉलरचा स्विच, तो काय टिकणार, असं म्हणून मी त्याच्या दोन वायरी एकत्र पिळल्या, वर टेप गुंडाळला, आणि 'नंतर नवीन आणू' असं ठरवलं. नायट्रस पुन्हा छान चालू. बघा, स्विचच खराब होता, असं मित्रांना सांगितलंसुद्धा.

सप्टेंबरात गणपतीचा कार्यक्रम आटोपून घरी निघालो. बायको शेजारी, मांडीवर प्रसादाचा डबा. आय-७५ च्या चढावर, म्हणजे महामार्गात शिरायच्या रॅम्पवर, मला अवदसा आठवली. बाटली उघडीच होती. 'बघ हं' म्हणून मी पाय खाली दाबला.

चार सेकंदं फार छान गेली. मग एक ठक्क असा आवाज, मागे निळसर पांढरा धूर, आणि गाडीतला जीव गेला. महामार्गात शिरायची लेन संपत आलेली, मागून ट्रक, ताकद शून्य. त्या ट्रकचा भोंगा अजून माझ्या कानात आहे. ट्रकवाल्याने डावीकडे काढली म्हणून हे लिहितोय. बायको काही बोलली नाही. घरी पोचेपर्यंत नाही, आणि त्यानंतरही बरेच दिवस नाही.

इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनची कड वितळून गेलेली होती आणि स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत कण चिकटलेले. पेट्रोल कमी पडल्याची सही आहे ती. कारण शोधलं तर पेट्रोलचा फिल्टर चोंदलेला. मी गाडी घेतल्यापासून तो बदललाच नव्हता. पूर्ण ताकदीला दाब पडत होता, आणि वीस-पंचवीस डॉलरचा स्विच तेच जीव तोडून सांगत होता. तो बिघडलेला नव्हता. अख्ख्या गाडीत तो एकटाच खरं बोलत होता, आणि मी त्याचंच तोंड बांधलं.

आमच्या धंद्यात ह्याहून भयंकर उदाहरण आहे. थेरॅक-२५ नावाचं किरणोपचाराचं मशीन. १९८५ ते १९८७ दरम्यान त्याने किमान सहा रुग्णांना भलताच मोठा डोस दिला, त्यातले काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीच्या वेळी किरण सुटू नयेत म्हणून हार्डवेअरचे अडसर होते. नव्यात ते काढून टाकले, सॉफ्टवेअर बघून घेईल म्हणून. आणि मशीन इतक्या वेळा बारीकसारीक तक्रारी करायचं, की चालवणाऱ्यांना एक बटण दाबून पुढे जायची सवयच लागली होती. मी कॉलेजपासून हे प्रकरण लोकांना समजावतोय. स्लाइड्स बनवल्यात. आणि स्वतःच्या गाडीत दोन वायरी पिळताना मला ते आठवलं नाही. सावधपणावर विश्वास ठेवू नका असं मी म्हणतो, ते तुमच्या सावधपणाबद्दल नाही. माझ्या आहे.

असो. स्विचांवर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. भाच्याने त्यातले तिन्ही परवा ऐकवले.

"जास्त स्विच म्हणजे बिघडायला जास्त जागा." बरोबर, पण बिघडून होतं काय ते बघ ना. ओळीतला स्विच मेला, वायर निघाली, तर करंट तुटतो आणि नायट्रस सुटत नाही. तू शर्यत हरतोस. हरू दे की! क्वचित एखादा स्विच किंवा रिले चिकटून 'हो' वरच अडकतो, म्हणून तर एकावर न थांबता चार लावायचे. हां, कचरा अडकून सोलेनॉइडच उघडा राहिला तर कुठलाही स्विच कामाचा नाही, तिथे बाटलीचा व्हॉल्व्हच बंद करावा लागतो. त्यासाठी बाटलीजवळचा फिल्टर साफ ठेवायचा आणि सीझनला एकदा सोलेनॉइड उघडून बघायचे. स्विच आहेत म्हणून ही मेहनत टळत नाही.

"अनुभवी माणसाला आवाजावरून कळतं." कळतं ना! मलाही कळलं, ठक्क असं वाजल्यावर. माणसाला काही ऐकून पाय उचलायला पाव सेकंद तरी लागतो. ६००० आरपीएमला तेवढ्यात प्रत्येक सिलिंडर बारा वेळा पेटतो. बारा वेळा चुकीचं पेटल्यावर तू काय वाचवणार?

"खर्च." हा आक्षेप घेणाऱ्याला मी माझं इंजिन दुरुस्तीचं बिल दाखवतो. तिन्ही स्विच, रिले, चांगली वायर आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर धरूनसुद्धा तो आकडा त्याच्या पाव हिश्शाला पोचत नाही. ज्याला किट परवडतं पण स्विच परवडत नाहीत, त्याला किट परवडत नाही. विषय संपला.

आणि खरा राग मला विकणाऱ्यांवर आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात हॉर्सपॉवर. आत सूचनापत्रकाच्या मधल्या पानात बारीक अक्षरात, अमुक स्विच वापरण्याची आम्ही 'जोरदार शिफारस' करतो. अरे, जोरदार शिफारस करता तर खोक्यात का नाही टाकत? कारण टाकलं की किंमत वाढते, आणि शेजारच्या फळीवरचं बिनस्विचचं किट स्वस्त दिसतं. म्हणजे तुम्हाला धोका पक्का ठाऊक आहे. तो छापून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला, की तुमची जबाबदारी संपली. सगळं एका खोक्यात घालून विकणारेही आहेत, नाही असं नाही. पण सेकंडहँड बाजारात येतं ते नेमकं आपल्या भाच्यासारख्याला परवडणारं, सोललेलं किट.

आता बाटली. ह्याबद्दल काकालोकांची भीती अगदीच खोटी नाही, फक्त त्यांना कारण माहीत नसतं. बाटलीतला दाब तापमानावर ठरतो. शून्य अंशाला सुमारे ४५० पीएसआय, वीस अंशाला साडेसातशेच्या आसपास, तिशीत नऊशेच्या वर. किटचे जेट साधारण ९०० ते ९५० धरून निवडलेले असतात. मिशिगनच्या एप्रिलमध्ये गार बाटलीतून नायट्रस कमी येतं, म्हणजे फक्त मजा कमी. जुलैत बंद डिकी तापली की दाब त्याहून वर जातो, नायट्रस जास्त येतं आणि पेट्रोल मात्र जेवढ्यास तेवढंच. साडेछत्तीस अंशाच्या वर तर आत द्रव उरतच नाही, आणि भरलेल्या बाटलीचा दाब भराभर चढतो. म्हणून दाबाचा गेज बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

गार बाटली लवकर गरम करायला लोक गॅसचा टॉर्च लावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्या माणसापासून पन्नास पावलं लांब जाऊन उभा राहिलो आहे. ॲल्युमिनियमला आच लागली की ते मऊ पडतं, आणि आत दाब वाढतच असतो. इथल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेचं, नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचं नियमपुस्तक ह्याबाबत स्पष्ट आहे: थर्मोस्टॅट असलेलं, बाजारात मिळणारं, बाटलीला गुंडाळायचं वॉर्मर चालेल, बाहेरून दुसऱ्या कुठल्याही प्रकारे गरम करणं बंद. बाटली पक्की बसवलेली हवी, होज क्लॅम्प आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या चालणार नाहीत. बाटली चालकाच्या कप्प्यात असेल तर तिची सेफ्टी डिस्क फुटल्यावर वायू गाडीबाहेर जाईल अशी नळी हवी. सिव्हिकची डिकी मागच्या सीटला लागूनच असते, तेव्हा ही नळी मी तिथेही बसवायलाच लावीन. नायट्रस हवेपेक्षा जड, काचा बंद, आणि चालकाला ऑक्सिजनच मिळेना, तर पुढचं सांगायला नको. गाड्यांच्या नायट्रसमध्ये कोणी हुंगू नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात. त्या उग्र वासाला मी तरी देवाची कृपा मानतो.

भाच्याच्या बाटलीच्या गळ्यावरची तारीख मी पुसून वाचली. २००९. ह्या बाटल्यांची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. पुढचा एकही शिक्का नाही. "पण भरून मिळाली की," म्हणाला. कोणी भरून दिली ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आवाज चढला असता.

मग पुडीतले जेट भिंगाखाली धरले. नायट्रसचे आणि पेट्रोलचे एकत्र, कुठला कुठे ते लिहिलेलं नाही. अदलाबदल झाली असती तर पहिल्याच दिवशी काम तमाम. आणि जेट ७५ हॉर्सपॉवरचे. त्याचं इंजिन १९७ हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन ११ ला १, लाखभर मैल चाललेलं. जवळजवळ ३८ टक्के वाढ, तीही इग्निशन टायमिंग मागे न घेता! दर ५० हॉर्सपॉवरला दोन अंश मागे, हा ढोबळ नियम सगळे सांगतात. प्लग एक पायरी थंड, गॅप थोडी कमी, टाकीत ९३ ऑक्टेन. त्याने ह्यातलं काहीही केलेलं नव्हतं. "व्हिडिओत तर थेट लावतात." त्या व्हिडिओचा पुढचा भाग कोणी अपलोड करत नाही, बाबा.

शेवटचा मुद्दा, आणि हा सगळ्यात न आवडणारा. रोजची गाडी रस्त्यावर असताना बाटलीचा व्हॉल्व्ह बंद. हाताने, पूर्ण बंद, पाइपमधला वायू सोडून दिलेला. नायट्रस स्ट्रिपवर, पाव मैलात, जिथे समोर कोणी नाही आणि बाजूला ॲम्ब्युलन्स उभी आहे. रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहेच, आणि नायट्रसबद्दल राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात तर रस्त्यावरच्या गाडीला असा भाग लावायला त्या भागाला सरकारी मान्यतेचा क्रमांक लागतो. पण कायद्याच्या आधी मला तो रॅम्प आठवतो. स्विचांनी इंजिन वाचतं. लेन संपत आलेली असताना मागून येणाऱ्या ट्रकला थांबवणारा स्विच कोणी बनवत नाही.

तर परवा मी भाच्याला अटी सांगितल्या. बाटलीची चाचणी. चारही अटी एका ओळीत, आणि रिलेला फ्यूज. पेट्रोलचा फिल्टर आधी, बाकी सगळं नंतर. जेट ५० चे, त्याच्या वर नाही. टायमिंग आणि प्लग. वाइडबँड मीटर. डिकीबाहेर जाणारी नळी. आणि रस्त्यावर बाटली बंद, ह्याचा शब्द. एवढं जमवलंस तर मी, टॉर्क रेंच आणि माझे दोन वीकेंड तुझे. नाही जमवलंस तर खोकं इथेच राहील.

"मामा, तू म्हातारा झालास," म्हणाला.

"हो. आणि कसा झालो ते तुझ्या मामीला विचार."

मामी आतून पोहे घेऊन आली होती. त्याने खरंच विचारलं. तिने त्याला रॅम्पची गोष्ट सांगितली, तिच्या बाजूने. मी ती पहिल्यांदाच ऐकली. त्या चार सेकंदांत मला मजा येत होती, आणि तिने डबा सोडून दाराची कडी धरली होती, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

पोहे संपवून तो गप्पपणे गेला. खोकं गॅरेजमध्येच ठेवून गेला. अजून फोन नाही. रुसला असेल, किंवा फिल्टर शोधत असेल. ताईला ह्यातलं काही सांगितलेलं नाही, तेव्हा तिच्या ओळखीतलं कोणी हे वाचत असेल तर कृपा करून गप्प बसा!

चला, चहा गार झाला. भेटू पुढच्या शनिवारी.